एक दार काळं, एक दार पिवळं

पत्र थोडक्यात असं: मी नागपूरची. महाल भागातला आमचा माहेरचा वाडा दीड वर्षापूर्वी बिल्डरकडे गेला. सामान हलवताना वडिलांची, म्हणजे आबांची, सागवानी आलमारी, ओसरीवरची बंगई (झोपाळा) आणि लंबकाचं घड्याळ कोणालाच नको होतं. मी ते माझ्या फ्लॅटवर आणलं. आलमारी आबांच्या लग्नात, १९५६ साली केलेली. इतकी काळी पडली होती की लाकूड कोणतं ते कळेना. हिवाळ्यात व्हिडिओ बघून मी तिचं पॉलिश काढायला घेतलं. आधी रिमूव्हर, मग खरवडायचा पत्रा, मग पॉलिश पेपर. एका दाराची बाहेरची बाजू पूर्ण झाली आणि खालचं मूळ लाकूड निघालं, सोन्यासारखं पिवळं. दुसरं दार घेणार तेवढ्यात धाकटा भाऊ आला. बघून म्हणाला, 'आबांच्या आलमारीची वाट लावलीस तू.' न जेवता गेला. तेव्हापासून हात लावायची हिंमत होत नाही. जुन्या सामानाच्या एका व्यापाऱ्याने आधी अठरा हजार सांगितले होते, आता सात म्हणतो, अँटिकची किंमत घालवली म्हणतो. यजमान म्हणतात, सगळीच घासून चकचकीत पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश) मारून टाक. त्यात पावसाने पिवळं दार फुगलंय, लागत नाही. सुतार रंधा मारून देतो म्हणाला. बंगईवर ऑइलपेंटचे चार थर आहेत, कड्या पितळेच्या पण काळ्याठिक्कर. घड्याळ बंद. भाऊबीजेच्या आत हे सगळं नीट करून दाखवायचं आहे. काळ्या दाराच्या आतल्या बाजूला आबांनी पेन्सिलीने लिहिलेले दुधाचे हिशेब आहेत, तिथे अर्थातच हात लावणार नाही. मी खरंच वाट लावली का? आणि उरलेलं घरीच करू की कोणाकडे देऊ?

*

ताई, आधी सरळ उत्तर देते. वाट लावली नाही. एक चूक झाली, ती बरीचशी निस्तरता येईल. दुसरं दारही घासलं गेलं असतं तर मला हे इतक्या सहज लिहिता आलं नसतं, तेव्हा भाऊ रागावून गेला ते निदान आलमारीच्या तरी पथ्यावर पडलं.

आता तुमच्या पत्रातल्या एका शब्दाशी जरा भांडते. तुम्ही लिहिलंय, 'मूळ लाकूड निघालं.' मूळ म्हणजे कोणतं? १९५६ साली सुताराने रंधा मारून फळ्या तयार केल्या तेव्हा त्या पिवळ्या असतील, पण त्या रूपात त्या त्याच्या दुकानात राहिल्या असतील चार-आठ दिवस. मग पॉलिश चढलं आणि आलमारी तुमच्या घरी आली. आईने, आबांनी, तुम्ही भावंडांनी ते पिवळं दार कधी पाहिलेलंच नाही. भावाला ते बघून धक्का बसला यात नवल काय? त्याच्या ओळखीचं काहीच त्यावर उरलं नव्हतं.

तो काळा रंग एकाच गोष्टीचा नसतो. सगळ्यात खाली असतं लाखेचं पॉलिश, जे वयाबरोबर गडद होतं. त्यावर चुलीचा आणि कंदिलाचा धूर, हातांचं तेल, दरवर्षी दसऱ्याला कोणीतरी हौसेने फिरवलेला खोबरेल तेलाचा बोळा, आणि त्या तेलाला चिकटलेली धूळ. वरचे हे थर काढायला रिमूव्हर लागत नाही. सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात फडकं बुडवायचं, घट्ट पिळायचं, वीतभर जागा पुसायची, लगेच कोरड्या फडक्याने टिपायची, मग पुढची वीत. फडकं चहासारखं तपकिरी होतं. आलमारीच्या आकाराच्या वस्तूला दोन सुट्ट्या लागतात. खाली जे दिसतं ते काळं नसतं, गूळ पाक होताना जसा दिसतो तसा लालसर रंग असतो. तुमच्या काळ्या दाराला मी यापलीकडे काही करणार नाही. आणि आतली बाजू? तिथे पाण्याचं फडकंसुद्धा नको.

त्या हिशेबांबद्दल एक सांगते. त्या काळी घराघरात एक पेन्सिल असायची, जिचं लिखाण ओलं बोट लागलं की जांभळं व्हायचं. साधं शिसपेन्सिलीचं अक्षर घासलं नाही तर टिकतं, पण या जांभळ्या पेन्सिलीचं अक्षर पाण्याने आणि स्पिरिटने दोन्हीने पसरतं. आबांची पेन्सिल कोणती होती हे तपासण्यासाठीसुद्धा थुंकी लावून बघू नका. बाजूला टॉर्च धरून तिरप्या उजेडात फोटो काढून ठेवा, म्हणजे पुसट आकडेही उठून दिसतील. बाहेरून कधी पॉलिश केलंच तर दाराच्या कडेला कागदी चिकटपट्टी लावा, स्पिरिट आत ओघळायला नको.

हे मी एवढं का सांगते, त्याला कारण आहे. माझ्या आजीचा पितळी पानाचा डबा होता. झाकणावर तिच्या माहेरचं नाव घातलेलं, भांडी विकणारे छिन्नीने ठिपके-ठिपके देऊन घालायचे तसं, आणि खाली गाव. डबा हिरवट काळा झाला होता. माझं लग्न ठरलं होतं, मला तो रुखवतात मांडायचा होता. आधी चिंच-मिठाने घासला, मग मन भरेना म्हणून एका दुकानात बफिंगला, म्हणजे मशीनवर घासून चकाकवायला, टाकला. परत आला तेव्हा आरशासारखा. नाव गेलं होतं. उन्हात तिरपा धरला की दोन अक्षरांचे ठिपके अजून दिसतात, बाकी सपाट. आजीने बघितलं आणि म्हणाली, 'छान चकाकतो गं.' पुढे काही बोलली नाही. लग्नानंतर तिला माहेरच्या नावाने हाक मारणारं कोणी राहिलं नव्हतं. ते नाव त्या डब्यावरच तेवढं होतं. दुकानदाराचा दोष नाही, मी सांगितलं तेच त्याने केलं.

तेव्हापासून माझा हिशेब असा की जुनी वस्तू हातात आली की आधी तिच्यावर काय लिहिलंय, कुठे झिजलीय, कोणाच्या हाताने झिजलीय ते बघायचं. साफसफाई त्यानंतर. आणि जे उद्या परत काढता येणार नाही असं काही तिला लावायचं नाही.

याच कसोटीवर यजमानांचा पीयू बसत नाही. वाईट वस्तू आहे असं नाही. स्वयंपाकघराच्या नव्या ओट्याखाली मी स्वतः लावलाय. पण तो लाकडावर पक्का बसणारा प्लॅस्टिकसारखा थर आहे. ओरखडा पडला तर तेवढाच दुरुस्त होत नाही, पूर्ण घासून पुन्हा मारावा लागतो, आणि प्रत्येक घासण्यात कोरीव कामाची धार थोडी थोडी जाते. लाखेचं तसं नाही. पन्नास वर्षांनीही ती स्पिरिटमध्ये विरघळते. म्हणून जुन्या थरावर नवा थर एकजीव होतो, आणि नको असेल तर पुसून काढता येतो.

तुमच्या आलमारीवर खरंच लाखच आहे का, हे दोन मिनिटांत कळतं. मागच्या पायाजवळ, दिसणार नाही अशा जागी, स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा अर्धा मिनिट धरा. जागा चिकट झाली आणि बोळ्याला तपकिरी रंग आला तर लाख. काहीच झालं नाही तर नंतर कोणीतरी व्हार्निश मारलंय. ही परीक्षा कोणत्याही जुन्या फर्निचरला करून बघावी, आणि पॉलिशवाल्याला बोलावण्याआधी करावी. तो आल्यावर नव्हे.

आणि ही लाख काही परदेशातून येत नाही. पळस, बोर, कुसुम या झाडांवर बारीक किडे जे कवच तयार करतात, ती लाख. आपल्याकडे होळीच्या सुमारास ज्या पळसांनी रान पेटल्यासारखं दिसतं, तेच झाड. गोंदियाकडे लाखेचा धंदा जुना आहे. आलापल्ली-बल्लारशाच्या जंगलातलं सागवान आणि पळसावरची लाख, म्हणजे तुमची आलमारी बहुतेक सगळीच्या सगळी इथल्याच रानातली.

आता फुगलेलं दार. सुताराला फोन करून सांगा, येऊ नकोस.

तुम्ही लिहिलंय की पिवळं दार लागत नाही. काळ्याबद्दल काही लिहिलं नाही, म्हणजे ते लागत असावं. दोन्ही दारं एका वेळची, एका लाकडाची, एकाच खोलीत. फरक एवढाच की एकावर पॉलिश आहे आणि दुसरं बाहेरून उघडं आहे. नागपूरची हवा लाकडाला फार छळते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर आणि हवा कोरडी ठक्क. दीड महिन्यात पाऊस लागतो आणि मीठसुद्धा डबीत ओलं होतं. लाकूड लांबीला फारसं वाढत नाही, रुंदीला मात्र फुगतं आणि आकसतं. पॉलिशमुळे ही ये-जा मंदावते. तुमच्या दाराची बाहेरची बाजू उघडी आणि आतली अजून पॉलिशची, म्हणजे एका अंगाने ओल शिरतेय आणि दुसऱ्या अंगाने नाही. असं दार नुसतं फुगत नाही, त्याला पीळही पडू शकतो. आज रंधा मारलात तर फेब्रुवारीत दोन दारांच्या मधून बोट जाईल, आणि तेव्हा लाकूड परत चिकटवणारा सुतार शोधत बसाल.

तोवर दार जोर लावून लावू नका, किंचित उघडं राहू द्या. कूलर त्या खोलीत असेल तर त्याचा झोत दुसरीकडे वळवा. उन्हाळ्यात कूलरसमोर आणि पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला टेकून, या दोन जागी आपल्याकडची निम्मी जुनी आलमारी-कपाटं खराब होतात. भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, मागे वारा खेळेल आणि वाळवीची मातीची नळी वर चढताना दिसेल. सागवानाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, पण मागच्या फळ्या पुष्कळदा हलक्या लाकडाच्या असतात, त्यांना लागते. हेअर ड्रायर, हीटर, गच्चीवरचं ऊन यातलं काही नको. आणि हो, वाड्याच्या फरशीवर सत्तर वर्षं उभी असलेली वस्तू फ्लॅटच्या टाइल्सवर आणली की चारही पाय टेकतीलच असं नाही. सांगाडा जरा जरी तिरका बसला तरी दारं एकमेकांवर घासतात. चारही कोपरे हाताने हलवून बघा. जो पाय डुगडुगेल त्याच्याखाली सागाची पातळ पाचर सरकवा. कित्येकदा 'फुगलेलं' दार तेवढ्यानेच लागतं.

दाराच्या चौकटीत मधली फळी असेल तर तिच्या कडांना हात लावून बघा, ती किंचित हलते का? हलायलाच हवी. जुन्या सुतारांनी ती खाचेत मोकळी ठेवलेली असते, फुगायला-आकसायला जागा म्हणून. तिथे पुट्टी किंवा फेविकॉल भरून 'घट्ट' केली की ती पुढच्या उन्हाळ्यात मधोमध चिरते. तीच गोष्ट सांध्यांची. १९५६ च्या वस्तूचे सांधे बहुतेक सरसाने, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याच्या गोंदाने, जोडलेले. सरस गरम पाण्याने सुटतो, जुन्यावर नवा बसतो. ढिल्या सांध्यात पांढरा गोंद पिचकारून काही होत नाही, तो जुन्या सरसावर धरत नाही. आधी जुना सरस कोमट फडक्याने मऊ करून काढावा लागतो. हे काम जमण्यासारखं वाटलं नाही तर इथे सुताराला जरूर बोलवा, पण तो काय वापरणार ते आधी विचारा.

पिवळ्या दाराला पुन्हा रंगावर आणायचं काम घरी होण्यासारखं आहे. वेळ मात्र आत्ताची नको. पावसाळी हवेत लाख मारली की स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि दुधाळ पांढरी झाक येते. मे महिन्यात उलटा त्रास, हात फिरेपर्यंत स्पिरिट उडून जातं आणि पट्टे उमटतात. आपल्याकडे हे काम दसऱ्यापासून होळीपर्यंतचं.

इतवारीत हार्डवेअरच्या जुन्या दुकानात चपडा लाख (पातळ पापड्यांची लाख) मागा. एक लिटर स्पिरिटला दीडशे ग्रॅम, काचेच्या बरणीत रात्रभर, मध्ये मध्ये हलवून, मग मलमलीतून गाळून. जुन्या धोतराच्या तुकड्यात कापसाचा गोळा बांधायचा, तो द्रावात भिजवून पिळायचा आणि लाकडाच्या रेषांच्या दिशेने एका दमात वरून खाली न्यायचा. मध्ये थांबायचं नाही, थांबलं की डाग. एक थर पातळ वाटेल. वाटू द्या. असे सहा-सात लागतात. दोन थरांमध्ये तासभर जाऊ द्या, दर दोन थरांनंतर ३२० नंबरचा पॉलिश पेपर नुसता हलका फिरवा. तुमच्या बाबतीत एक जादा पायरी आहे. बाजारातल्या बऱ्याच रिमूव्हरमध्ये मेण असतं, ते लाकडात उरलं की लाख धरत नाही, म्हणून सुरुवातीला पूर्ण दार टर्पेंटाइनच्या फडक्याने दोनदा पुसून नीट वाळू द्या. स्पिरिट विषारी आणि भडकणारं आहे. खिडक्या उघड्या, गॅस बंद, आणि त्या खोलीत देवापुढचा दिवा किंवा उदबत्तीही नको. रिमूव्हर तर पुन्हा आणूच नका. त्यातल्या काहींच्या वाफा बंद खोलीत जिवावर बेतण्याइतक्या घातक असतात. हिवाळ्यात तुम्ही खिडक्या लावून काम केलं नसेल अशी आशा करते.

जवसाच्या तेलाने करू का, असं दुसऱ्या एका वाचकांनी मागे विचारलं होतं, ते इथेच सांगून टाकते. करता येतं. जवस हवेत वाळून घट्ट होतं. खोबरेल, शेंगदाणा कधीच वाळत नाही, नुसतं चिकट राहून धूळ ओढतं. रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड घ्या, घाण्याचं खाण्याचं वाळायला फार दिवस घेतं. पण ज्या चिंध्यांनी तेल लावाल त्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना त्या आतून तापतात आणि आपोआप पेटतात. ऐकीव गोष्ट नाही ही, रसायनशास्त्र आहे, आणि आपल्या उन्हाळ्यात तर विचारूच नका. दोरीवर एकेक पसरून वाळवा, नाहीतर पाण्याच्या डब्यात बुडवा.

त्या व्यापाऱ्याचं बोलणं मनावर घेऊ नका. अँटिक हा शब्द दुकानात फार स्वस्त झालाय. १९७२ चा पुरावशेषांचा कायदा आहे, १९७६ पासून लागू असलेला. त्यात वस्तूला शंभर वर्षं तरी झालेली असावी लागतात, हस्तलिखितांना पंचाहत्तर. अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो आणि त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. तुमची आलमारी त्या वयाची नाही. ती घरातली चांगली, जुनी, सागवानी आलमारी आहे. अठराचे सात झाले म्हणून तुमचे अकरा हजार गेले हा हिशेब तेव्हाच खरा, जेव्हा तुम्ही ती विकणार होतात. विकणार होतात का? मग अकरा हजार कसले?

ज्यांच्या घरात खरोखर शंभरीच्या पुढची वस्तू आहे, कोरीव देव्हारा, रंगवलेली लाकडी मूर्ती, पोथी, जुनं चित्र, त्यांनी मात्र घरी काहीही करू नये. पोथीला चिकटपट्टी नाही, चित्राला ओला बोळा नाही, मूर्तीला लिंबू नाही. ते काम प्रशिक्षित माणसांचं. लखनौला त्याची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे, वारसा जपणाऱ्या इन्टॅक या संस्थेची केंद्रं आहेत, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही संवर्धनाचा विभाग आहे. जुन्या वस्तूंकडे बघायचं कसं एवढं जरी कळायचं असेल तरी सिव्हिल लाइन्समधल्या अजब बंगल्यात एक दुपार काढा. १८६३ पासूनचं संग्रहालय आपल्या गावात आहे आणि आपण शाळेच्या सहलीनंतर तिथे जात नाही.

बंगईबद्दल मी आलमारीपेक्षा कडक होणार आहे. जुना ऑइलपेंट कोरडा घासायचा नाही. जुन्या रंगांत शिसं असायचं. घरगुती रंगांत ते दहा लाखांत नव्वद भागांच्या आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे २०१६ साली निघाला, म्हणजे तुमच्या चार थरांपैकी खालचे तरी त्याच्या पुष्कळ आधीचे. ती पूड नाकातोंडात जाते, फरशीवर बसते, रांगणाऱ्या मुलांच्या बोटांना लागते. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर हे काम घरात नकोच. नसेल तर पाणी मारत मारत ओल्या पेपरने, चांगला मास्क लावून, खाली प्लॅस्टिक पसरून, आणि खरवड झाडूने न झाडता ओल्या फडक्याने उचलून. किंवा सरळ असं करा की रंग जिथे पोपडे सोडतोय तेवढाच काढा, बाकी तसाच ठेवून वरून नवा हात द्या. चार थर होते तिथे पाच. बिघडलं काय?

कड्यांना बाथरूमचं ॲसिड दाखवू नका. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. ॲसिड वरच्या थरातलं जस्त खातं आणि पितळ गुलाबी पडतं. साबणाचं पाणी, मऊ ब्रश आणि ओल्या फडक्यावर चिमूटभर बारीक खडूची पूड पुरे. खोबणीतला काळेपणा खोबणीतच राहू द्या, नक्षी त्याच्यामुळेच दिसते. चकाकीपेक्षा महत्त्वाचं दुसरंच आहे. कडीत कडी जिथे अडकते तिथे बोट फिरवा. पन्नास-साठ वर्षांच्या झोक्यांनी ती जागा आतून झिजलेली असते, वरून दिसत नाही. जी कडी तिथे अर्धीच उरलीय ती भिंतीवर शोभेला लावा आणि तिच्या जागी नवी घाला. आणि फ्लॅटच्या स्लॅबला हूक ठोकण्याआधी इंजिनिअरला विचारा. वाड्यात बंगई सागाच्या तुळईला होती, तुमच्याकडे वर शेजाऱ्यांची फरशी आहे. स्लॅबला जमत नसेल तर जमिनीवर उभी राहणारी लोखंडी चौकट करून मिळते. दिसायला तेवढी छान नाही, पण नातवंडं बसणार आहेत.

घड्याळ उघडू नका. आतली स्प्रिंग गुंडाळलेली असेल तर बोटं फाडते. खोबरेल नको, शिलाई मशीनचं तेल नको, डब्यातला फवारा तर मुळीच नको. भिंतीला अगदी सरळ टांगून, किल्ली अर्धी देऊन, लंबक हलवून कान लावा. टिक आणि टक यांच्यामधलं अंतर सारखं वाटलं पाहिजे. लंगडत असेल तर घड्याळ किंचित डावी-उजवीकडे सरकवा. निम्मी 'बंद' घड्याळं नुसती तिरकी टांगलेली असतात. तेवढ्याने नाही चाललं तर दुरुस्ती करणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराकडे न्या, आणि लवकर न्या. त्या धंद्यात आता नवी माणसं येत नाहीत. तबकडीवर रात्री चमकणारे जुने आकडे असतील तर ते खरवडू नका. पूर्वी त्यात रेडियम घालत, आणि चमक विझली तरी रेडियम तिथेच असतं.

उरला भाऊ.

त्याने बोलायला नको होतं तसं तो बोलला. पण तुम्ही स्वतःलाही एक विचारा. कोणालाच नको होतं म्हणून तुम्ही आणलं, हे खरं. आणलं म्हणजे ते एकट्या तुमचं झालं का? कायद्याने झालं असेल. त्याच्या डोक्यात मात्र ती अजून आबांचीच आलमारी आहे, नुसती तुमच्याकडे ठेवलेली. वाड्याच्या कागदांवर सही करताना जे त्याला म्हणता आलं नाही ते दारावर निघालं असेल, असं मला वाटतं. चुकतही असेन, मी त्याला ओळखत नाही. एवढं मात्र कळतं की 'सगळं नीट करून दाखवायचं' हा जो तुम्ही भाऊबीजेचा मुहूर्त धरलाय त्यात दुरुस्तीपेक्षा खटला जास्त आहे. तयार आलमारी त्याच्यासमोर उभी करायची आणि म्हणायचं, बघ. त्याने मान डोलावली तर तुम्ही जिंकलात, नाही डोलावली तर पुन्हा ताट तसंच. एवढं ओझं एका दारावर कशाला?

भाऊबीजेपर्यंत दार पिवळंच राहू द्या. त्याऐवजी दसऱ्यानंतर सुताराकडून सागाचे हातभर लांबीचे तीन तुकडे आणा, तुमच्या दारासारखेच २२० नंबरच्या पॉलिश पेपरपर्यंत घासून घ्या. पहिल्यावर नुसत्या लाखेचे सहा थर द्या. दुसऱ्याच्या लाखेत चिमूटभर गेरू मिसळा. तिसऱ्याच्या लाखेत गेरू आणि त्याच्या पावपट काळी पूड, पॉलिशवाले रंग जुळवायला असंच काहीतरी मिसळतात. काळ्या दाराशी तंतोतंत जुळणारा रंग मिळणार नाही हे आधीच सांगते. सत्तर वर्षांचा धूर बरणीत विकत मिळत नाही. दोन दारांत थोडा फरक राहील.

तो आला की आधी जेवू द्या. मग काळं दार उघडून हिशेब दाखवा आणि तीन तुकडे पुढ्यात ठेवून विचारा, आपण शाळेत होतो तेव्हा हिचा रंग यातला कोणता होता रे? तो एक उचलेल, तुम्ही दुसरा म्हणाल, थोडं भांडाल. त्या आधी प्रत्येक तुकड्याच्या मागे नंबर टाका आणि कोणत्यात किती गेरू, किती काळा, किती थर ते वहीत लिहून ठेवा, नाहीतर त्याने पसंत केलेला रंग दारावर पुन्हा जमणार नाही.